शर्यतीचा उतार बंद असेल, तर ते नागपुरातच सांगावे : हिमालयातील एका स्की केंद्राचे परीक्षण

हिमालयातील ज्या स्की केंद्रात आम्ही गेल्या फेब्रुवारीत राहून आलो, तेथील सर्वांत चांगला उतार सकाळभर शर्यतीच्या सरावासाठी राखून ठेवलेला असतो आणि सर्वसामान्य पाहुण्यांना त्यावर जाता येत नाही. नागपुरात सहलीचे पैसे भरताना ही गोष्ट आम्हाला कोणीही सांगितली नाही. उतार बंद ठेवणे योग्यच आहे असे माझे ठाम मत आहे. तो बंद असतो हे आधी न सांगणे मात्र योग्य नाही, आणि या परीक्षणात मला मुख्यतः याच दोन गोष्टींविषयी लिहायचे आहे. केंद्राचे आणि नागपुरातील सहल कंपनीचे नाव मी देत नाही, कारण मोजक्या उतारांवर खेळाडू आणि पर्यटक या दोघांनाही सामावून घेण्याचा प्रश्न एकट्या त्या केंद्राचा नाही.

आमच्या गटात धरमपेठ आणि लक्ष्मीनगर भागातील काही कुटुंबे होती. बहुतेकांना स्की पायात बांधण्याचा अनुभव नव्हता. जाण्यापूर्वी सेमिनरी हिल्सचा चढ रोज चढून पायांना थोडी सवय लावण्याएवढीच आमची तयारी. माझा पुतण्या मात्र नागपुरात लहानपणापासून इनलाइन स्केटिंग करतो आणि त्याची त्याच केंद्रातील शर्यत-सराव शिबिरासाठी निवड झाली होती. त्यामुळे तो सरावाच्या उताराभोवतीच्या जाळीच्या आत आणि आम्ही बाकीचे जाळीच्या बाहेर, अशी विभागणी पहिल्याच सकाळी झाली, आणि दोन्ही बाजूंची सोय-गैरसोय जवळून पाहता आली.

निवास आणि जेवण यांविषयी फारसे लिहिण्यासारखे नाही. खोल्या स्वच्छ होत्या, गरम पाणी ठरलेल्या वेळी मिळत होते, जेवण साधे आणि पोटभर होते. सावजीच्या तिखटाची सवय असलेल्यांनी ठेचा सोबत न्यावा. भाड्याने मिळणाऱ्या साहित्याचे कौतुक मात्र केले पाहिजे, कारण नवख्या माणसाची सुरक्षितता निम्मी तेथेच ठरते. बूट पायात चढवून, गुडघे पुढे वाकवायला लावून, टाच वर उचलली जाते का हे प्रत्येकाचे तपासले गेले. पडल्यावर स्की पायापासून सुटावी यासाठी बाइंडिंगचा, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या पकडीचा, ताण ठरवताना वजन, उंची, वय, कौशल्य आणि बुटाच्या तळाची लांबी विचारून नोंदवली गेली. हा ताण जास्त राहिला तर पडताना स्की सुटत नाही आणि गुडघा पिळवटतो. कमी राहिला तर स्की भलत्या वेळी निघते. तेथील कर्मचाऱ्यांनी या कामात कोठेही घाई केली नाही. प्रशिक्षकही उत्तम होते. नवख्यांना वेग आवरण्याची पहिली पद्धत, म्हणजे स्कीची पुढची टोके जवळ आणून मागची टोके फाकवण्याची पद्धत, त्यांनी मोठ्या धीराने शिकवली.

आता उतारांविषयी. केंद्रात शिकाऊंसाठी एक सपाटसर मैदान आहे, त्याच्या वर एक मध्यम उतार आहे आणि लिफ्टने गाठता येणारा एक मुख्य उतार आहे. मुख्य उताराची उजवीकडची, रुंद आणि एकसारख्या घसरणीची बाजू सकाळी सातपासून साडेअकरापर्यंत वरपासून खालपर्यंत जाळ्या लावून बंद केलेली असते. सर्वसामान्यांसाठी डावीकडची अरुंद पट्टी उरते, आणि ती मधल्या टप्प्यात इतकी निमुळती होते की नुकतेच वळायला शिकलेल्या माणसाला तेथे घाबरायला होते. माझ्या वहिनींनी पहिल्याच सकाळी विचारले, “अर्धा डोंगर अडवून ठेवलाय, मग आपण इतक्या लांब आलो कशाला?” प्रश्न रास्त होता, आणि केंद्रातील कोणीतरी त्याचे नीट उत्तर द्यायला हवे होते. ते उत्तर पुढे पुतण्याच्या प्रशिक्षकांकडून आम्हाला मिळाले, आणि ते पूर्णपणे पटण्यासारखे होते.

साध्या उतारावर वागण्याचे दहा नियम आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने १९६७ मध्ये ठरवले आणि जगभरातील स्की केंद्रे तेच मानतात. त्यांतला गाभ्याचा नियम असा की, वरून येणाऱ्याने खालच्या माणसाला धोका होणार नाही असा मार्ग निवडायचा. पुढे असलेल्याचा हक्क पहिला. या एका नियमावर सर्वसामान्यांच्या उताराची सारी सुरक्षितता उभी आहे. शर्यतीचा सराव करणाऱ्याला हा नियम पाळताच येत नाही, कारण त्याचा मार्ग त्याने निवडलेला नसतो, तो गेटने, म्हणजे बर्फात रोवलेल्या खांबांनी, ठरवून दिलेला असतो. स्लालममध्ये, म्हणजे जवळजवळच्या खांबांना वळसे घेत उतरण्याच्या शर्यतीत, एका वळणाच्या खांबापासून पुढच्या खांबापर्यंतचे अंतर ६ ते १३ मीटर असते. लाल आणि निळे खांब आलटून पालटून येतात, आणि खेळाडू ते हाताने आणि नडगीने आडवे करत जातो. त्याची नजर पुढच्या एक-दोन गेटवर असते. जायंट स्लालममध्ये वळणे लांब आणि वेग जास्त. ताशी ५० किलोमीटरच्या वेगात माणूस एका सेकंदात सुमारे १४ मीटर पुढे जातो, आणि उताराच्या मध्यावर जेथे जमीन उंचावून अचानक खाली जाते तेथे पलीकडचे काहीच दिसत नाही. त्या खळग्यात एखादा पर्यटक छायाचित्र काढत उभा असेल, तर दोघांपैकी कोणालाही सावरायला वेळ मिळणार नाही. म्हणून जाळी लावायची, आणि म्हणूनच खुणा व फलकांचा मान राखावा हाही त्या दहा नियमांपैकी एक आहे.

हा धोका केवळ कल्पनेतला नाही. सुपर-जी या जायंट स्लालमहूनही वेगवान शर्यतीतील तत्कालीन विश्वविजेती, फ्रान्सची रेजीन काव्हान्यू, २००१ च्या ऑक्टोबरमध्ये ऑस्ट्रियातील पिट्सटाल हिमनदीवर सराव करत असताना उतारावर असलेल्या एका जर्मन प्रशिक्षकावर आदळली आणि दोन दिवसांनी मरण पावली. त्याच वर्षाच्या सुरुवातीला सेंट आंटोन येथे तिने विश्वविजेतेपद मिळवले होते. दोन्ही माणसे जाणकार होती, आयुष्यभर बर्फावर वावरलेली होती, तरीही वर कोण सुटले आहे आणि खाली कोण आहे याचा मेळ एका क्षणापुरता चुकला. जाणकारांच्या बाबतीत असे घडू शकते, तर नवख्यांना त्या उतारावर मोकळे सोडणे हा विचारच करता येत नाही.

दुसरे कारण बर्फाचे आहे आणि ते पर्यटकांच्या सहसा लक्षात येत नाही. शर्यतीच्या उताराला घट्ट बर्फ लागतो, कारण मऊ बर्फात पहिल्या काही खेळाडूंनंतरच वळणांवर खोल चर पडतात आणि मागून येणाऱ्याला न्याय मिळत नाही. मोठ्या स्पर्धांसाठी उताराच्या आत पाणी दाबून सोडतात आणि ते गोठू देतात. ऊन वाढले तर बर्फ कडक राहावा म्हणून मीठ टाकतात. आमच्या केंद्रात यातले काही नव्हते, परंतु स्नो बीटर, म्हणजे बर्फ दाबून सपाट करणारे यंत्र, रात्री फिरवून उतार दाबलेला होता आणि सकाळी तो फरशीसारखा टणक असे. अशा उतारावर नवखा माणूस थांबू शकत नाही. उलट शंभर नवख्यांनी स्की फाकवून तोच उतार खरवडला, तर तासाभरात मोकळ्या बर्फाचे ढीग साचतात आणि सराव वाया जातो. खेळाडूंची वेळ सकाळची का, याचेही उत्तर यातच आहे. युरोपातील उन्हाळी हिमनद्यांवर संघ पहाटेच सराव उरकून घेतात, कारण दुपारपर्यंत बर्फ मऊ पडतो.

आपल्या देशात ही गरज अधिक तीव्र आहे. बर्फाचा भरवशाचा काळ साधारण जानेवारी ते मार्च, आणि चांगले उतार हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा २०२० पासून गुलमर्गला होऊ लागल्या. भारताची स्कीपटू आंचल ठाकूर हिने २०१८ मध्ये तुर्कस्तानात कांस्यपदक मिळवले. गुलमर्गचा आरिफ खान २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिम्पिकमध्ये स्लालम आणि जायंट स्लालम या दोन्ही प्रकारांसाठी पात्र ठरला. या मुलांना घरच्या उतारावर गेट लावायला सकाळचे चार-साडेचार तास मिळत असतील, तर ते पर्यटकांनी आनंदाने द्यायला हवेत. नागपुरातील मुलाला तर वर्षभर डांबरावर आणि काँक्रीटवर सराव करून बर्फाचे हे थोडेच दिवस मिळतात. ते जाळीअभावी वाया जाऊ नयेत, असे मला त्याचा काका म्हणूनच नव्हे तर खेळाचा चाहता म्हणूनही वाटते.

एवढे मान्य केल्यावर केंद्राची जबाबदारी संपत नाही, किंबहुना तेथूनच ती सुरू होते. पहिली तक्रार माहितीची. नागपुरातील कार्यालयात आम्हाला दाखवलेल्या नकाशात मुख्य उतार पूर्ण रुंदीने खुला होता, आणि माहिती देणाऱ्या माणसाने तिन्ही उतार दिवसभर मिळतील असे स्पष्ट सांगितले होते. सराव शिबिराच्या तारखा केंद्राला महिनाभर आधी माहीत होत्या. पुतण्याचे निवडपत्रच त्याची साक्ष आहे. मग त्या तारखा पर्यटकांना विकलेल्या कार्यक्रमात का नव्हत्या? दुसरी तक्रार लिफ्टची. लिफ्ट एकच असल्याने सकाळी खेळाडूंना रांगेत प्राधान्य दिले जाते. सराव एकामागोमाग एक फेऱ्यांचा असतो, म्हणून हे प्राधान्यही मला मान्य आहे. परंतु त्यामुळे पर्यटकांच्या फेऱ्या निम्म्यावर येतात आणि लिफ्टच्या तिकिटाची रक्कम मात्र पूर्ण दिवसाचीच घेतली जाते.

तिसरी तक्रार मला सर्वांत गंभीर वाटते. साडेअकराला जाळ्या निघाल्यावर तो उतार सर्वांसाठी खुला होतो, परंतु तो जसा सोडला जातो तशाच अवस्थेत. गेटचे खांब बसवण्यासाठी ड्रिलने पाडलेली भोके तशीच असतात आणि वळणांवरचे चर तसेच राहतात. दुपारनंतर सावली आली की हे चर पुन्हा गोठतात, आणि त्यात नवख्याची स्की अडकली तर घोटा-गुडघा जायबंदी व्हायला वेळ लागत नाही. आमच्या गटातील एका काकूंची स्की अशाच चरात अडकली. बाइंडिंग नीट लावलेले होते म्हणून स्की सुटली आणि त्या केवळ मुक्या मारावर निभावल्या. खेळाडूंनी शेवटच्या फेरीत स्की आडव्या धरून उतार घासत खाली यायचे, भोके बर्फाने बुजवायची आणि शक्य असेल तेथे स्नो बीटरची एक फेरी मारायची, एवढे केले तरी हा धोका बराच कमी होतो. खेळाडूंना हे काम नवीन नाही. आपल्या सरावाच्या मध्येही ते चर असेच घासून काढतात. आम्ही ही गोष्ट सांगितल्यावर पुतण्याच्या प्रशिक्षकांनी दुसऱ्या दिवसापासून आपल्या मुलांकडून ते करून घेतले. व्यवस्थापनाने मात्र ते नियम म्हणून लावलेले नाही, आणि सर्वसामान्यांची सुरक्षितता एखाद्या प्रशिक्षकाच्या सौजन्यावर सोडणे बरोबर नाही.

राखीव उतार आणि सार्वजनिक उतार यांत कायमचे वैर असण्याचे कारण नाही. ऑस्ट्रियातील किट्झब्यूएल येथील श्ट्राइफ हा जगातील सर्वांत कठीण मानला जाणारा डाउनहिलचा, म्हणजे सर्वांत वेगवान स्की शर्यतीचा, मार्ग शर्यतीचा काळ सोडून सर्वसामान्यांना वापरता येतो, आणि त्यातील अतितीव्र टप्पे टाळून जाणारी सोपी वाटही आखलेली आहे. स्वित्झर्लंडमधील वेंगेनच्या लाउबरहॉर्न उतारावरही शर्यतीनंतर पर्यटक जातात. अमेरिकेतील कॉपर माउंटन येथे २०११ पासून अमेरिकी संघाचे वेगाच्या शर्यतींचे सराव केंद्र आहे. हंगामाच्या सुरुवातीला तेथील उतार संघांसाठी बंद असतात आणि पुढे ते पाहुण्यांना मिळतात. या ठिकाणी बंदीचा काळ ठरलेला आणि आधी जाहीर झालेला असतो. नागपुरात पहाटे धावपट्टीच्या आतल्या लेन खेळाडूंना सोडून बाहेरून चालावे, ही अपेक्षा आपण मान्य करतो ती वेळ ठरलेली असते म्हणूनच.

माझ्या मते या केंद्राने कार्यक्रमपत्रिकेत शिबिराच्या तारखा आणि बंदीच्या वेळा छापाव्यात, त्या काळात अर्ध्या दिवसाचे लिफ्ट तिकीट विकावे, आणि जाळी थोडी उजवीकडे सरकवून मधल्या टप्प्यातील निमुळती पट्टी रुंद करावी. शेवटची सूचना खर्चाची नाही. तेथे सराव-पट्टीच्या बाजूला भरपूर जागा वाया जाते, हे मी लिफ्टमधून रोज पाहत होतो. साहित्य आणि प्रशिक्षण यांना मी पाचपैकी साडेचार गुण देतो, उतारांच्या देखभालीला तीन आणि माहिती देण्याच्या पद्धतीला एक. नवख्यांना तेथे शिकायला नक्की जाता येईल, कारण शिकाऊ मैदान आणि प्रशिक्षक दोन्ही चांगले आहेत. ज्यांना स्की येते आणि ज्यांचा सारा भर मुख्य उतारावर आहे, त्यांनी मात्र शिबिराच्या तारखा लेखी मागवून घेतल्याशिवाय आगाऊ रक्कम भरू नये.

शिबिरातील मुलांसोबत जाणाऱ्या पालकांनी सकाळी मुलांचा सराव जाळीबाहेरून पाहावा, तो खरोखर पाहण्यासारखा असतो. आणि स्वतःसाठी पूर्ण दिवसाचे तिकीट न घेता दुपारचे मिळते का, हे पहिल्याच दिवशी खिडकीवर विचारावे. आम्ही आग्रह धरल्यावर ते मिळाले होते.