ऑनलाइन एटिमॉलॉजी डिक्शनरी: मेडिकल शब्दांचं मूळ शोधायला मस्त साइट

डग्लस हार्पर यांनी उभी केलेली ही साइट फुकट आहे, आणि डॉक्टरी शब्द कुठून आले याची आवड असेल तर बघाच. व्हिटॅमिन टाकून बघा, बायोकेमिस्ट कॅसिमिर फुंक यांनी 1912 मध्ये लॅटिनमधलं व्हिटा म्हणजे जीवन आणि अमाइन (नायट्रोजन असलेलं एक प्रकारचं रसायन) जोडून व्हिटामाइन (vitamine) केलं, कारण तेव्हा वाटायचं की हे सगळे पदार्थ अमाइनच असणार, पुढे कळलं की तसं नाहीये, मग 1920 मध्ये बायोकेमिस्ट जॅक ड्रमंड यांनी सुचवलं की इंग्रजी स्पेलिंगमधला शेवटचा ई (e) काढून टाका, म्हणजे अमाइनचा दावाच राहणार नाही! एका अक्षरात केवढं सायन्स आहे राव. ड्रमंड यांचं नाव मात्र दुसरीकडे वाचलेलं, इथल्या नोंदी छोट्याच असतात. हार्मोन पण बघा, ग्रीकमध्ये अर्थ चालना देणारं, आणि आजचा अर्थ 1905 मध्ये ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ अर्नेस्ट स्टारलिंग यांच्यामुळे आला.

मराठी अजिबात नाही, इंग्रजी वाचावं लागतं. पण मेडिकल, नर्सिंग, फार्मसीवाल्यांनी तर वापराच, मूळ कळलं की शब्द पाठ करायची गरजच कमी होते.