चार घरांत मिळून घेतलेली नॅरोबोट, कुत्र्यासकट: मार्च ते ऑक्टोबर वापरून झाल्यावरचा अनुभव

आधी निकाल सांगते, मग बाकीचं. नॅरोबोट म्हणजे इथल्या कालव्यांवरची लांब, अरुंद, आत राहायची सोय असलेली बोट. ती वीकेंडला वापरायची असेल तर लांब कुठेतरी पोचायचा विचार डोक्यातून काढून टाका आणि लॉक (बोट आत घेऊन पाण्याची पातळी वरखाली करणारे, दोन्हीकडे दारं असलेले हौद) कमी असतील असा पट्टा निवडा. एवढं केलंत तर इंग्लंडमध्ये दोन दिवस घालवायचा याच्याइतका चांगला प्रकार मला तरी अजून सापडलेला नाही, आणि आम्ही इथे बरीच वर्षं राहतोय, कॅम्पिंग, कॉटेज, कॅराव्हॅन सगळं करून झालंय.

आम्ही चार घरं, लेस्टर, रग्बी, कॉव्हेंट्री आणि नॉर्दॅम्प्टनला विखुरलेली. सगळ्यांनी मिळून सेकंडहँड बोट घेतली, लांबी ५७ फूट, रुंदी ६ फूट १० इंच. रुंदी सगळ्याच नॅरोबोटींची जवळपास इतकीच असते कारण अरुंद लॉक ७ फुटांची आहेत, आणि लांबी ५७ अशासाठी की त्याहून मोठी घेतली तर उत्तरेकडच्या काही आखूड लॉकमध्ये ती मावत नाही. आम्ही अजून उत्तरेला गेलेलो नाही पण कधीतरी जायचंय. घेण्याआधी बोट पाण्याबाहेर काढून सर्व्हे करून घेतला, पत्र्याची जाडी जागोजागी मोजून मिळते, आणि हा खर्च कुणीही वाचवू नये असं माझं स्पष्ट मत आहे. आतलं लाकूडकाम, पडदे, सोफा नंतर बदलता येतो, खालचा पत्रा सडलेला असेल तर ते काम फार महागात जातं.

बोट असते यल्व्हरटॉफ्टजवळच्या मरीनात (बोटी भाड्याने बांधून ठेवायची जागा), म्हणजे ग्रँड युनियन कालव्याच्या लेस्टर लाईनवर. ही जागा आम्ही मुद्दाम शोधली. एका टोकाला वॉटफर्डची ७ लॉक (लंडनजवळचं वॉटफर्ड नाही, नॉर्दॅम्प्टनशरमधलं छोटं गाव), दुसऱ्या टोकाला फॉक्स्टनची १०, आणि मधे वीसेक मैल एकही लॉक नाही. वीकेंडवाल्यांसाठी हे सोनं आहे. हिशोब बघा, कालव्यावर वेगमर्यादा ताशी ४ मैल, पण बांधून ठेवलेल्या बोटी आल्या की इंजिन अगदी मंद करावं लागतं नाहीतर त्यांचे दोर ताणले जातात, वळणं असतात, पूल असतात, त्यामुळे प्रत्यक्षात अडीच-तीन मैल पडतात. त्यात एक लॉक म्हणजे पंधरा मिनिटं धरायची, समोरून कुणी येत असेल तर जास्त. शुक्रवारी ऑफिस आटपून पोचायचं, शनिवारी जायचं, रविवारी परत यायचं, यात लॉकच्या रांगेत दोन तास गेले तर सगळी मजा घड्याळाकडे बघण्यात जाते.

आमचा नेहमीचा फेरा म्हणजे वेल्फर्ड. मुख्य कालव्यातून एक दीड मैलाची शाखा फुटते, तिच्यावर एकच छोटं लॉक आहे आणि शेवटी धक्का, पब, बोट वळवायला जागा. ही वळवायची जागा फार महत्त्वाची बरं का, ५७ फुटांची बोट २५-३० फुटांच्या कालव्यात कुठेही फिरवता येत नाही, नकाशात खुणा केलेल्या असतात तिथेच वळायचं, नाहीतर तसंच पुढे. सोमवार जोडून आला तर फॉक्स्टनपर्यंत जातो, मरीनातून पाच-सहा तास लागतात.

हा पट्टा वळणावळणाचा आहे कारण कालवा खणताना लॉक टाळायला तो टेकडीच्या कडेकडेने एकाच उंचीवर नेलाय. दोनशे वर्षं झाली त्याला. गावं सगळी थोडी लांब, मधे नुसती शेतं, मेंढ्या, हॉथॉर्नची कुंपणं. एकाच चर्चचा कळस आधी डाव्या हाताला दिसतो, मग उजव्या, मग चक्क मागे, आणि तासाभराने परत समोर येतो. मे महिन्यात कुंपणं पांढरीशुभ्र फुललेली असतात आणि बोटीच्या वेगाने ती बघायला मिळतात, गाडीतून जाताना हे कधी लक्षातसुद्धा आलं नव्हतं.

सासूबाई पुण्याहून आल्या होत्या तेव्हा त्यांना पुढच्या डेकवर खुर्ची टाकून बसवलं. आत उतरायच्या पायऱ्या उभ्या आहेत, गुडघे दुखणाऱ्यांना त्रास होतो हे लक्षात ठेवा, पण एकदा बसल्यावर त्या दिवसभर उठल्या नाहीत. मुठा कालवा बघत आयुष्य गेलेलं, त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "अगं, हे पाणी कुणाच्या शेताला जातं?" मी म्हटलं, "कुणाच्याच नाही आई, फक्त बोटींसाठी आहे." त्यांना हे काही केल्या पटेना, एवढं पाणी आणि पिकाला नाही! मग वेल्फर्डची शाखा मुळात कशाला खणली ते सांगितलं, नेझबी, सल्बी आणि वेल्फर्डच्या तलावांचं पाणी त्या शाखेतून मुख्य कालव्याला पुरवतात, कारण प्रत्येक लॉक उघडलं की वरचं लाखभर लिटरहून जास्त पाणी खाली जातं आणि ते कुठून तरी भरून काढावं लागतं. उन्हाळा कोरडा गेला की म्हणूनच लॉकच्या वेळा कमी करतात, कधी बंदही ठेवतात. निघायच्या आदल्या दिवशी कालव्यांची देखभाल करणाऱ्या कॅनाल अँड रिव्हर ट्रस्टच्या साईटवर सूचना बघायची सवय लावून घ्या.

फॉक्स्टनबद्दल थोडं सांगितल्याशिवाय राहवत नाही. १८१४ सालची १० लॉक, पाच-पाचच्या दोन माळा, एका लॉकचं वरचं दार तेच पुढच्याचं खालचं दार, एकूण ७५ फूट चढ. शेजारी पाणी साठवायची तळी आहेत, लाल आणि पांढऱ्या रंगाच्या झडपा आहेत, लाल आधी, पांढरी नंतर, हा क्रम चुकवायचा नाही. तिथे लॉककीपर आणि स्वयंसेवक असतात, त्यांच्याकडे नाव नोंदवल्याशिवाय आत शिरायचं नाही. फार प्रेमाने शिकवतात, आमच्यातल्या दहा वर्षांच्या मुलीला त्यांनी दाराच्या दांडीला पाठ लावून ढकलायचं कसं ते दाखवलं, पाय जमिनीतल्या उंचवट्यांवर टेकवून, हाताने नाही तर पाठीने, आणि एवढं टनावारी वजनाचं दार त्या पोरीने हळूहळू उघडलं. बाजूच्याच टेकडीवर १९०० साली बांधलेल्या उताराचे अवशेष आहेत, बोटी पाण्याच्या टाक्यांत घालून रुळांवरून वरखाली न्यायचे, तासभराचं काम बारा मिनिटांत व्हायचं. पण वॉटफर्डची लॉक अरुंदच राहिली, मोठ्या बोटी आल्याच नाहीत, वाफेचा बॉयलर दिवसभर पेटता ठेवायचा खर्च परवडेना आणि १९११ मध्ये ते बंद पडलं. मला ती जागा बघून दरवेळी हळहळ वाटते.

आता भुऱ्या. कॉव्हेंट्रीवाल्यांचा कुत्रा, कॉकर स्पॅनियल, आणि खरं सांगायचं तर बोट त्याच्या वेळापत्रकाने चालते. सकाळी सहाला त्याला टोपाथवर (कालव्याकाठच्या पायवाटेवर) न्यावंच लागतं, मग जो नेतो तो आल्यावर चहा टाकतो, मग सगळे उठतात. दिवसा तो अर्धा वेळ बोटीच्या बरोबरीने काठाने चालतो, आमच्यापेक्षा जोरात, पुढच्या पुलाखाली जाऊन बसतो. पुलाखाली कालवा इतका अरुंद होतो की बोट काठाला घासतच जाते, तिथे तो स्वतःहून उडी मारून आत येतो. हे त्याला कुणी शिकवलं नाही.

कुत्रा नेणार असाल तर पाठीवर हँडल असलेलं लाईफ जॅकेट घ्याच, पोहता येत असलं तरी. बऱ्याच ठिकाणी काठाला उभे लोखंडी पत्रे ठोकलेले असतात, कुत्र्याला त्यावरून वर चढता येत नाही, हँडल धरून उचलणं हाच उपाय. आणि तो पाण्यात पडला तर पहिलं काम इंजिन न्यूट्रल, मग बाकी आरडाओरडा, कारण मागे पाण्यात बोट ढकलणारा पंखा फिरत असतो. मेंढ्यांची शेतं आली की पट्टा लावायचा, इथे मेंढ्यांना त्रास देणाऱ्या कुत्र्याला शेतकरी गोळी घालू शकतो. उन्हाळ्यात पाण्यावर हिरवा साय धरल्यासारखा थर दिसला तर त्याला पाण्याजवळ फिरकू देऊ नका, ते शेवाळ विषारी असू शकतं. लॉक चालू असताना भुऱ्या आत केबिनमध्ये, दार बंद, यात अजिबात सूट नाही.

हजबंड्स बॉसवर्थचा बोगदा ११६६ यार्डांचा. आत टोपाथ नाही, दिवे नाहीत, छतातून पाणी ठिबकतं, समोरून बोट आली तर दोन्ही जेमतेम बाजूबाजूने जातात, पुढचा दिवा किंचित उजवीकडे वळवून ठेवायचा म्हणजे समोरच्याच्या डोळ्यांवर येत नाही. पहिल्यांदा इंजिनचा आवाज विटांवरून घुमायला लागला तशी भुऱ्याची पूर्ण अंगभर थरथर सुरू झाली. आता तो बोगद्याचं तोंड दिसलं की आपणहून खाली येतो, सुकाणू धरणाऱ्याच्या पायाला पाठ चिकटवतो आणि हनुवटी पायरीवर टेकवून बसतो, तेरा-चौदा मिनिटं हलत नाही. त्या वेळात सुकाणूवर असणाऱ्यानेही पाय हलवायचा नाही असा आमचा नियम झालाय.

बोट चालवणं अवघड नाही पण गाडीसारखं अजिबात नाही. सुकाणूचा दांडा उजवीकडे ढकलला की बोट डावीकडे जाते, ती मधल्या बिंदूभोवती फिरते, ब्रेक नाही, रिव्हर्समध्ये दिशा देता येत नाही. आणि वारा! सपाट तळाची बोट, उघड्या शेतातला पट्टा, आडवा वारा सुटला की मंद वेगात बोट सरळ काठाकडे ढकलली जाते. हवामानात पावसापेक्षा वारा बघून निघायचं. समोरून बोट आली तर उजव्या बाजूने जायचं, रस्त्याच्या उलट. आमची मागची बाजू मोठ्या उघड्या डेकची आहे, चार जण गप्पा मारत उभे राहतात, फक्त दांडा फिरतो त्या टप्प्यात कुणी उभं राहायचं नाही.

न आवडणारं काम म्हणजे पंख्यात अडकलेला कचरा. बोट अचानक जड वाटायला लागते, मागून काळा धूर येतो, मग इंजिन बंद, किल्ली काढून खिशात, मागची वीड हॅच (पंख्यापर्यंत हात घालायला ठेवलेलं झाकण) उघडायची आणि खांद्यापर्यंत हात गार पाण्यात घालून चाचपत सोडवायचं. प्लॅस्टिकच्या पिशव्या, दोर, एकदा तर गादीचं कापड. ब्रेड कापायची सुरी त्यासाठी वेगळी ठेवलीये. झाकण परत घट्ट बसलंय का हे दोघांनी बघायचं, ते सैल राहिलं आणि इंजिन सुरू केलं तर पाणी आत येतं, बोटी बुडतात यामुळे.

टॉयलेटबद्दल सगळे विचारतात. आमचं कॅसेटवालं आहे, म्हणजे खालची टाकी काढून ठरलेल्या जागी नेऊन ओतायची, दोन दिवसांच्या मुक्कामाला सहा माणसांत रोज एकदा. सवय होते.

स्वयंपाकघर छोटं पण पुरेसं. गॅस सिलिंडरवरचा, त्यामुळे कुकर रोजचाच, डाळ-भात-बटाटे एकदम होतात आणि वाफ कमी म्हणजे खिडक्यांवरून पाणी गळत नाही. मिक्सर मात्र इंजिन चालू असतानाच, नाहीतर बॅटऱ्या बसतात, म्हणून वाटणं घरून करून नेतो. शनिवारी सकाळची मिसळ ठरलेली, पाव लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडवरून, मटकी शुक्रवारी गाडीतच मोड आलेली. शेजारी बांधलेल्या बोटीवरच्या एका आजोबांनी वास आला म्हणून विचारलं, त्यांना वाटीभर दिली, तर दुपारी त्यांनी आमच्या बोट बांधायच्या वाकलेल्या खुंट्या हातोडीने सरळ करून आणून दिल्या. कालव्यावर माणसं अशीच आहेत, कुणी ना कुणी दोर धरायला येतंच.

तक्रार एकच मोठी. ज्याच्याकडून बोट घेतली त्याने बॅटऱ्या नव्या आहेत म्हणून सांगितलं होतं, जून येईपर्यंत त्या रात्रभर फ्रीज चालवेनाशा झाल्या. बॅटऱ्यांची तारीख स्वतः झाकण उघडून बघा, कुणाच्या शब्दावर जाऊ नका. आम्ही नंतर छतावर सोलर बसवलं, उन्हाळ्यात फ्रीज त्यावर निघतो.

खर्च चौघांत वाटला तरी येतोच. लायसन्सचे वर्षाला हजार पौंडांच्या वर जातात, मरीनाचं भाडं त्याहून जास्त, विमा, दर चार वर्षांनी सेफ्टीचं सर्टिफिकेट, दोन-तीन वर्षांनी बोट बाहेर काढून तळाला काळा लेप. डिझेल त्या मानाने काहीच नाही, तासाला लिटर-दीड लिटर. वर्षातून एखाद-दोनदाच जाणार असाल तर सरळ भाड्याने घ्या, स्वस्त पडेल. आमचं जमतंय कारण चारातलं कुणी ना कुणी जवळपास दर वीकेंडला बोटीवर असतं. उतरताना पाण्याची टाकी भरलेली, कॅसेट रिकामी, डिझेल काठी घालून मोजून ग्रुपवर टाकायचं, शाळेच्या सुट्ट्या आळीपाळीने. हे पहिल्याच दिवशी लिहून काढलं म्हणून अजून कुणाचं कुणाशी वाजलेलं नाही.

आता थंडी. नोव्हेंबरपासून बऱ्याच ठिकाणी लॉक दुरुस्तीला बंद होतात, त्यामुळे मार्चपर्यंत मरीनापासून वेल्फर्ड एवढंच, तेही उघडं असेल तर. लाकूड-कोळशाची शेगडी पेटवली की अर्ध्या तासात केबिन गरम होते, कार्बन मोनॉक्साईडचा अलार्म २०१९ पासून सक्तीचा आहे, त्याचं बटण दरवेळी दाबून बघतो. बोट बंद ठेवायची असेल तेव्हा सगळ्या नळांतलं पाणी काढून टाकायचं, शॉवरच्या मिक्सरमधलंसुद्धा, तो फुटला तर बदलायला तीन आठवडे थांबावं लागतं असं शेजारच्या आजोबांनी सांगितलंय. पुढच्या शनिवारी रग्बीवाले ते करायला जातायत, भुऱ्या त्यांच्याबरोबर.