हिरव्या दिव्याने आठ महिने फसवलं

लॅपटॉपचा मदरबोर्ड गेला नसता तर हे लिहायची वेळच आली नसती. गिटारच्या अ‍ॅम्पची, म्हणजे तिचा आवाज वाढवून घडवणाऱ्या पेटीची, संगणकावर नक्कल करणारं माझं सॉफ्टवेअर भिकार आहे असं ठरवून मी ते कधीतरी गुपचूप काढून टाकलं असतं. मदरबोर्ड बदलून आला, फायली जिथल्या तिथे होत्या, रेकॉर्डिंगचा प्रोजेक्ट उघडला तर अ‍ॅम्पच्या जागी नुसता राखाडी चौकोन. 'हा संगणक नोंदणीकृत नाही.' अरे, तोच आहे. तीच डिस्क, तोच कीबोर्ड, त्यावरचं एक बटण अजूनही तसंच अडकतं. पण सॉफ्टवेअर मशीनची ओळख मदरबोर्डवरून ठेवत असावं. त्याच्या लेखी माझा लॅपटॉप वारला होता आणि त्याच्या नावावर हा कुणी तोतया हजर झाला होता.

लायसन्स दोन मशिनांचं. एक जागा जुन्या डेस्कटॉपने अडवलेली, जो मी फॉरमॅट करून केव्हाच देऊन टाकला. दुसरी या गेलेल्या मदरबोर्डने. जागा मोकळी करायची तर त्याच मशीनवरून लॉगआउट करायचं, असा नियम. म्हणजे मयताने स्वतः येऊन सही करायची. तक्रार नोंदवली. सहा दिवसांनी उत्तर आलं की कृपया जुन्या मशीनवरून लॉगआउट करा. मी पुन्हा लिहिलं, यावेळी जरा सभ्यता कमी करून. मग त्यांनी प्लगइनच्या (रेकॉर्डिंगच्या प्रोग्रॅममध्ये चालणाऱ्या याच सॉफ्टवेअरच्या) खिडकीचा स्क्रीनशॉट मागितला. नवा कुठून काढणार, राखाडी चौकोनाचा? जुना एक सापडला, तो पाठवला. या स्क्रीनशॉटचं पुढे काय झालं ते सांगतेच, पण आधी आठ महिन्यांचा हिशेब. कंपनीचं नाव लिहीत नाही, भांडण अजून पुरतं मिटलेलं नाही.

हे घेतलं कारण घरात खरा अ‍ॅम्प लावायची सोय उरली नाही. ट्यूबचा अ‍ॅम्प जरा तापवून वाजवल्याशिवाय बोलत नाही, आणि तो बोलायला लागला की घरातली बाकीची माणसं बोलायची थांबतात. मला वेळ मिळतो तो रात्री अकरानंतर. आता हेडफोन लावून वाजवते. बाहेर ऐकू येते ती फक्त पिकची टकटक, आणि त्याबद्दलही एकदा ऐकून घेतलं आहे.

पहिल्या आठवड्यातली चूक पूर्ण माझी. गिटार इंटरफेसच्या, म्हणजे तिचा आवाज संगणकात नेणाऱ्या डब्याच्या, लाइन इनपुटला जोडली होती, 'इन्स्ट्रुमेंट'चं बटण दाबायचं राहिलं. साध्या पिकअपला, म्हणजे तारांचं कंपन विजेत बदलणाऱ्या चुंबकी भागाला, समोर साधारण दहा लाख ओहमचं इनपुट लागतं. लाइन इनपुट बहुतेक दहा-वीस हजारांचं असतं, त्यात वरची धार मरते आणि गिटार रजईखालून वाजल्यासारखी येते. बटण दाबलं, रजई गेली.

लेटन्सीचा, म्हणजे तार छेडल्यापासून आवाज ऐकू येईपर्यंतच्या उशिराचा, बाऊ फार केला जातो. ४८ किलोहर्ट्झ, बफर (एका दमात हाताळायचा आवाजाचा तुकडा) १२८ सॅम्पलचा, इंटरफेसचा स्वतःचा असिओ, म्हणजे कमी उशिराचा, ड्रायव्हर. बफरचा हिशेब जाताना २.७ मिलिसेकंद, येताना तेवढाच. केबलने आउटपुट इनपुटला जोडून मोजलं तर सगळं मिळून ९ भरले. हवेत आवाज एक मीटर जायला जवळजवळ ३ मिलिसेकंद घेतो, म्हणजे अ‍ॅम्पपासून तीन मीटर लांब उभं राहून वाजवण्यासारखं झालं. तेवढ्या लांबून मी वर्षानुवर्षं वाजवलंय. विंडोजच्या साध्या ड्रायव्हरवर मात्र हात एकीकडे आणि आवाज दुसरीकडे, त्यावर वाजवूच नका.

आता मूळ दुखणं. चौथ्या महिन्यात मी एका मैत्रिणीला लिहिलेला निरोप अजून माझ्याकडे आहे: 'क्लीन अ‍ॅम्प क्लीन नाही, क्रंच अ‍ॅम्प चिखल आहे, हाय गेनमध्ये मधमाश्या आहेत. घेऊ नकोस.' तेव्हाचा तो अनुभव खराच होता. फेंडर ट्विनच्या धर्तीवरचा त्यांचा अ‍ॅम्प, ज्याची ख्यातीच मुळी न फाटण्याची, तो हंबकर पिकअपवर साधा ए मेजर कॉर्ड मारला तरी कडेने फाटायचा. मार्शलच्या धर्तीवरच्या अ‍ॅम्पचा गेन, म्हणजे आवाज किती फाटावा तो नॉब, दोनवर ठेवला तरी आठवर असल्यासारखा. खालच्या ई तारेवर पाम म्यूट केलं, म्हणजे तळहाताने तार दाबून वाजवलं, की घट्ट 'ठक' यायला हवं, तिथे 'फ्फप' यायचं. आणि गिटारचा व्हॉल्यूम दहावरून सहावर आणला की खरा अ‍ॅम्प लगेच निवळतो. इथे काहीच व्हायचं नाही, तोच चिखल थोडा हळू.

मी काय काय नाही केलं! कॅबिनेट, म्हणजे स्पीकरची पेटी, बदलली. खरं तर आवाजाचा निम्म्याहून जास्त स्वभाव कॅबिनेटच्या आयआरमध्येच, म्हणजे तिच्या आवाजाच्या टिपलेल्या ठशातच, असतो. ते एकदा बंद करून बघा, लाखमोलाचा अ‍ॅम्पही डासासारखा गुणगुणतो. गिटारचा बारा इंची स्पीकर ५ किलोहर्ट्झच्या वर झपाट्याने बसतो आणि तो बसतो म्हणूनच डिस्टॉर्शन कानाला सोसवतं. या सॉफ्टवेअरमध्ये पडद्यावरचा माइक धरून स्पीकरच्या मध्यापासून कडेकडे सरकवता येतो, आवाज बोटागणिक मऊ होत जातो, आणि ही सोय खरोखर देखणी आहे. रात्रीच्या रात्री मी तो माइक सरकवण्यात घालवल्या. इतर ठिकाणचे आयआर घातले. ८० हर्ट्झखालचं कापलं. नॉइज गेट, म्हणजे बारीक आवाज अडवणारं दार, इतका आवळला की सुरांच्या शेपट्या तुटायला लागल्या.

ओव्हरसॅम्पलिंगही (आतला हिशेब जास्त सॅम्पल घेऊन करणं) चौपट केलं. त्याचा मात्र उपयोग झाला. हाय गेनवर वरच्या फ्रेटला तार ओढली की सूर वर चढायचा आणि त्याच्या मागून एक बारीक शिट्टी उलटी खाली उतरायची. डिस्टॉर्शनमुळे तयार झालेले २४ किलोहर्ट्झच्या वरचे सूर ४८च्या रेकॉर्डिंगमध्ये मावत नाहीत, दुमडून खाली येतात, आणि मूळ सुराशी त्यांचा काही मेळ नसतो. चौपट केल्यावर शिट्टी गेली. बदल्यात पंखा सुरू झाला आणि बफर ६४वर ठेवला की तडतड.

शेवटी एनएएम, म्हणजे न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलर उतरवून घेतलं. स्टीव्हन अ‍ॅटकिन्सन यांचं, मोफत आणि खुल्या स्रोताचं. खऱ्या अ‍ॅम्पमधून पाठवलेला आवाज ऐकवून न्यूरल नेटवर्कला शिकवायचं आणि ते त्या अ‍ॅम्पसारखं वागतं, बहुतेक वेळा नॉबच्या त्या एकाच ठेवणीत. लोक त्याची तारीफ करून थकत नाहीत. माझ्याकडे तेही फाटत होतं! फुकटचं ते तसलंच म्हणून सोडून दिलं. इथेच डोक्यात दिवा पेटायला हवा होता. दोन निराळ्या सॉफ्टवेअरचा एकच आजार असेल तर आजार त्यांच्या आधीच्या टप्प्यात असणार, हे शाळेतल्या पोरालाही कळेल. मी तेव्हा पिकअप बदलायच्या विचारात होते.

तर तो स्क्रीनशॉट. नवव्या की दहाव्या मेलमध्ये दुसऱ्याच कुणीतरी उत्तर दिलं. लायसन्सची एक जागा मोकळी केली आहे, एवढं कळवलं आणि खाली दोन ओळी: 'आपल्या चित्रात इनपुट खूप जास्त दिसतो. इंटरफेसचा गेन शून्यावर ठेवून पाहा. आमचे अ‍ॅम्प ० डीबीएफएस म्हणजे +१२ डीबीयू असं धरून बनवलेले आहेत.'

मी ते तीनदा वाचलं.

अर्थ सांगते, कारण मॅन्युअलच्या १४० पानांत तो कुठेही नाही. सॉफ्टवेअरला गिटारमधून किती व्होल्ट येतायत हे दिसत नाही, त्याला फक्त आकडे दिसतात. ० डीबीएफएस, म्हणजे शून्य, हे आकड्यांचं छत, आणि डीबीयू हे व्होल्टचं माप. त्या छताला किती व्होल्ट पोचतात हे बनवणाऱ्याने कुठेतरी ठरवलेलं असतं. +१२ डीबीयू म्हणजे साधारण ३.१ व्होल्ट. इंटरफेसचा गेन, म्हणजे आत येणारा आवाज वाढवणारा नॉब, मी फिरवला की तेवढ्याच व्होल्टचा आकडा फुगतो आणि सॉफ्टवेअरला वाटतं, गिटार राक्षसी आहे. माझ्या इंटरफेसच्या माहितीपत्रकात गेन शून्यावर असताना इन्स्ट्रुमेंट इनपुटची कमाल पातळी +९ डीबीयू दिली आहे. म्हणजे त्याचं छत ३ डेसिबल बुटकं. तेवढा फरक प्लगइनच्या इनपुट नॉबवर उणे ३ करून काढायचा, काम संपलं. मी तर शून्याऐवजी गेन बारा-एक डेसिबल वर ठेवत होते. बारा आणि तीन, पंधरा. पंधरा डेसिबल म्हणजे विद्युतदाब साडेपाच पट. साडेपाच पट! त्या बिचाऱ्या ट्विनच्या तोंडात मी आठ महिने फवारा सोडत होते आणि वर म्हणत होते, हा गुळण्या का करतो.

गेन का वाढवला? कारण प्लगइनच्या डाव्या कोपऱ्यात एक मीटर आहे. गेन शून्यावर असला की त्याचा काटा उणे १८च्या आसपास घुटमळतो आणि मीटर राखाडी राहतो, बंद पडल्यासारखा. वाढवत नेलं की उणे ६ला तो सुंदर हिरवा होतो. हिरवा! जगात कुठेही हिरव्याचा अर्थ 'बरोबर, पुढे चला' असाच असतो. मी चाललेच. रोज वाजवायला बसलं की पहिलं काम ते: सगळ्या तारा जोरात मारायच्या आणि हिरवा होईपर्यंत नॉब फिरवायचा. मन लावून चूक केली.

ही सवय १६ बिट आणि टेपच्या दिवसांतली आहे, जेव्हा हळू रेकॉर्ड केलं की खालची खरखर वर यायची. २४ बिटात हिशेबाने १४४ डेसिबलची जागा असते. तिथे उणे १८ला कसली आलीये टंचाई? आणि मजा अशी की गेन खाली आणल्यावर माझी गुणगुण उलट कमीच झाली. जादा डिस्टॉर्शन मोठ्याला दाबतं आणि बारीकसारीक सगळं वर उचलतं, त्यात पिकअपने चार्जरकडून पकडलेली गुणगुणही आली. नॉइज गेट आता जवळजवळ उघडाच असतो.

म्हणून चौथ्या महिन्यातलं मत मागे घेते, मैत्रिणीलाही तसं कळवलं. त्या रात्री गेन शून्यावर, इनपुट उणे ३, ट्विनसारखा अ‍ॅम्प, बाकी सगळं बंद. ए मेजर मारला. सहा तारांचे सहा सूर वेगवेगळे मोजता येत होते. मग मार्शलसारखा, गेन सहावर, गिटारचा व्हॉल्यूम दहा: गुरगुर. व्हॉल्यूम सहावर करंगळीने आणला: निवळला, नुसती कडेला थोडी धूळ. परत दहा, परत गुरगुर. पाच मिनिटं मी फक्त तो नॉब पुढेमागे करत बसले होते, एकही गाणं वाजवलं नाही. पाम म्यूटही 'ठक' झालं.

जुन्या रेकॉर्डिंगचं काय, ही पुढची धास्ती. सुदैवाने चिक्कूपणा कामी आला. प्रोजेक्टात मी नेहमी कोरी गिटार ठेवते, अ‍ॅम्प वर प्लगइन म्हणून, म्हणजे उद्या दुसरं काही स्वस्तात मिळालं तर परत वाजवायला नको. त्या सगळ्या ट्रॅकवर प्लगइनचा इनपुट उणे १५ केला आणि गाणी एकामागून एक माणसात आली. अपवाद पाच टेकचे. त्यात मी जोशात वाजवलं होतं आणि आवाज छताला आपटून सपाट झाला होता. तो इंटरफेसमध्येच कापला गेला, खाली आणून परत येत नाही. त्यातला एक सोलो मला पुन्हा तसा जमलेला नाही.

बाकीचं झटपट. ट्यूनर चांगला. पेडल ठीक, कोरस जरा गोडगोड. प्रीसेट तीनशेच्या वर आणि जवळपास सगळे रिव्हर्ब-डिलेमध्ये बुडवलेले. एकटं वाजवताना भारी, बास-ड्रम आले की गिटार गायब. लाइन ६ कंपनीच्या १९९८च्या पॉडपासून, त्या घेवड्याच्या दाण्यासारख्या लाल डब्यापासून, प्रीसेट बनवणाऱ्यांची ही खोड काही सुटलेली नाही. वर्गणीवर घेऊ नका. कायमचं लायसन्स आणि तेही सवलतीत, सवलत वर्षातून तीन-चारदा येतेच. घेण्याआधी मदरबोर्ड बदलला तर काय, हे विचारून उत्तर लेखी घ्या. आणि कुठलंही अ‍ॅम्प सॉफ्टवेअर असो, ते शून्याला किती डीबीयू धरतं हा आकडा शोधा. दोन ओळींचा आकडा आहे, तो खोक्यावर छापायला हवा.

माझ्या इंटरफेसच्या गेन नॉबवर आता शून्यावर चिकटपट्टी मारलेली आहे.

कंपनीला मी नवी तक्रार लिहिली: मीटरचा रंग बदला, हिरवा उणे १८ला आणा, निदान मॅन्युअलमध्ये एक ओळ घाला. उत्तर आलं की सूचना संबंधित विभागाकडे पाठवली आहे. गेल्या आठवड्यात नवी आवृत्ती आली. लगेच उतरवून घेतली. मीटर अजून उणे ६लाच हिरवा होतो, फक्त आता त्याला कडेने चमक दिली आहे.