गार्मिन फोररनर २५५: अपुऱ्या सरावावर केलेली ट्रायथलॉन आणि घड्याळातली फाईल

अपुऱ्या सरावावर ट्रायथलॉन कशीबशी पार पडली की बहुतेकांच्या हाती एकच आकडा उरतो, एकूण वेळ. पुढच्या तयारीला त्याचा फारसा उपयोग नाही. पोहताना लय कुठे तुटली, सायकलवर किती जास्त खर्ची पडलं, धावताना दम गेला की पाय गेले, हे तुकड्यातुकड्याने बघावं लागतं. २०२२ साली आलेलं गार्मिनचं फोररनर २५५ या कामाला अतिशय चांगलं घड्याळ आहे. अट एवढीच, की शर्यतीआधी मोजकी सेटिंग्ज नीट लावायची आणि घड्याळाने काढून दिलेल्या निष्कर्षांपेक्षा त्याच्या कच्च्या नोंदींवर भिस्त ठेवायची.

आधीच्या २४५ मध्ये ट्रायथलॉन मोड नव्हता. २५५ मध्ये तो आहे आणि घड्याळ घेण्याचं मुख्य कारण तेच. पोहणं, पहिलं ट्रान्झिशन (एका प्रकारातून दुसऱ्यात जाताना कपडे-बूट बदलण्याचा टप्पा), सायकल, दुसरं ट्रान्झिशन आणि धावणं हे पाचही भाग एकाच नोंदीत, पण वेगवेगळे साठवले जातात. उजवीकडचं वरचं बटण दाबून सुरुवात करायची, पुढच्या भागात जायला उजवीकडचंच खालचं लॅप बटण दाबायचं. घाईत पाण्याबाहेर आल्यावर लॅपऐवजी वरचं बटण दाबलं जाणं ही नवख्यांची नेहमीची चूक. त्याने वेळ थांबते आणि पुढचा सगळा भाग नोंदीतून गळतो. ऑटो पॉज, म्हणजे थांबलं की वेळ आपोआप थांबवण्याची सोय, बंद ठेवावी, नाहीतर सायकलवर वळणात किंवा पाणी घ्यायला थांबल्यावर गेलेला वेळ दिसतच नाही.

दुसरा घोटाळा या लॅप बटणामुळेच होतो. घड्याळ डाव्या मनगटावर असेल तर उजवीकडची बटणं पंजाच्या बाजूला येतात. हँडलवर भार टाकून मनगट मागे वळलं, की हाताच्या मागच्या बाजूची कातडी नेमकी त्या खालच्या बटणावर दाबते. मग सायकल चालू असतानाच घड्याळ ट्रान्झिशनमध्ये जातं. वेटसूटची (गार पाण्यात पोहण्याच्या घट्ट रबरी पोशाखाची) बाही उलटी करून ओढतानाही तसंच होतं: घट्ट कड घड्याळाच्या कडेवर अडकते, जोर लावला की बटण दाबलं जातं. उपाय सोपा आहे. घड्याळ मनगटाच्या हाडापासून साधारण एक बोट वर, कोपराच्या दिशेने बांधावं आणि मल्टिस्पोर्टमध्ये, म्हणजे अनेक खेळांच्या एकत्र नोंदीत, बटणं लॉक करण्याची सोय चालू ठेवावी. वर बांधल्याने मनगटावरची हृदयगतीची नोंदही सुधारते.

तरीही शर्यतीतून काही शिकायचं असेल तर मनगटावरच्या सेन्सरवर विसंबू नये. तो प्रकाशाने रक्तप्रवाह वाचतो. सायकलवरचे हादरे, हँडलची घट्ट पकड, गार पाण्याने आखडलेल्या रक्तवाहिन्या, सगळंच त्याच्या विरोधात जातं. धावताना तर तो कधीकधी पावलांची लयच हृदयगती समजून बसतो. आलेखात हृदयगती आणि केडन्स (मिनिटाला पडणारी पावलं) एकमेकांना चिकटून १७०च्या आसपास चालताना दिसली तर तो आकडा सोडून द्यावा. त्यापेक्षा छातीवरचा पट्टा घ्यावा, तोही स्वतःची मेमरी असलेला, उदाहरणार्थ एचआरएम-प्रो. पट्ट्याचा रेडिओ सिग्नल पाण्यातून घड्याळापर्यंत पोचत नाही, म्हणून पोहतानाची नोंद पट्टा स्वतःकडे ठेवतो आणि नंतर घड्याळाला देतो. घड्याळाच्या किमतीवर हा वेगळा खर्च आहे, पण पट्ट्याशिवाय या घड्याळाचा निम्माच उपयोग होतो.

आता फाईल कशी वाचायची ते. पोहण्याच्या भागात जीपीएसला मर्यादा आहेत, कारण मनगट पाण्याखाली गेलं की उपग्रहांशी संपर्क तुटतो आणि हात बाहेर आल्यावर पुन्हा जुळतो. म्हणून कमाल वेग बघूच नये, शंभर मीटरचा सरासरी पेस, म्हणजे तेवढ्या अंतराला लागलेला वेळ, बघावा. १५०० मीटरच्या मार्गावर घड्याळाने १६८० दाखवले तर आधी नकाशा उघडावा. रेघ करवतीच्या दात्यांसारखी असेल तर चूक जीपीएसची. रेघ गुळगुळीत पण एका बाजूला धनुष्यासारखी वाकलेली असेल तर पोहणारा भरकटला, म्हणजे दर सहा-आठ हातांनी मान वर करून बोया (मार्ग दाखवणारे तरंगते फुगे) बघण्याचा सराव कमी पडला. मधल्याच एखाद्या टप्प्यावर रेघ अचानक दातेरी झाली आणि त्याच जागी स्ट्रोक रेट (मिनिटाला मारलेले हात) घसरला, तर बहुधा तिथे फ्रीस्टाइल सोडून ब्रेस्टस्ट्रोक सुरू झाला, कारण त्यात हात जवळजवळ सगळा वेळ पाण्याखाली असतात. ही जागा पहिल्या दोन-तीनशे मीटरमध्येच आली असेल तर दोष सहनशक्तीपेक्षा सुरुवातीच्या वेगाचा. हजार मीटरनंतर आली तर अंतराचाच सराव नव्हता. दोन्हींवरचे उपाय अगदी वेगळे आहेत, म्हणून ही जागा शोधायलाच हवी.

खरी कमाई सायकलच्या भागात आहे. सायकलच्या अंतराचे दोन सारखे भाग करावेत आणि प्रत्येकात सरासरी वेगाला सरासरी हृदयगतीने भागावं. समजा पहिल्या २० किलोमीटरमध्ये वेग २८.४ आणि हृदयगती १४८, पुढच्या २० मध्ये वेग २६.१ आणि हृदयगती १५६. पहिलं गुणोत्तर ०.१९२, दुसरं ०.१६७, म्हणजे घसरण सुमारे १३ टक्के. पाच टक्क्यांच्या आत घसरण असेल तर त्या अंतराला लागणारा पाया तयार आहे असं साधारणपणे मानतात. १३ टक्के म्हणजे शरीर त्या वेगाला अर्ध्या वाटेतच नाही म्हणू लागलं होतं. वारा आणि चढ यांनी हा हिशेब बिघडतो, म्हणून जाऊन-येऊन मार्गावर नुसते दोन अर्धे घेऊ नयेत. फेऱ्यांचा मार्ग असेल तर पूर्ण फेरीशी पूर्ण फेरी ताडावी. सायकलला पॉवर मीटर (पायांनी लावलेला जोर वॅटमध्ये मोजणारं यंत्र) असेल तर वेगाच्या जागी वॅट घ्यावेत, मग वाऱ्याची भानगडच राहत नाही. २५५ पॉवर मीटरला जोडता येतं. ही घसरण मात्र घड्याळ आपणहून दाखवत नाही, आणि या घड्याळाबद्दलची सगळ्यात मोठी तक्रार हीच आहे.

धावण्यात तीन रेघा एकत्र बघाव्यात: पेस, हृदयगती, केडन्स. पहिल्या किलोमीटरपासूनच हृदयगती वर आणि पेस मंद असेल तर सायकल झेपण्यापलीकडे चालवली, किंवा उष्णता आणि पाण्याची कमतरता भोवली. उलट हृदयगती खाली येत गेली, पेसही पडला आणि केडन्स १७० वरून १५५ वर आला, तर दम शिल्लक होता, पण पायांत तेवढं अंतर नव्हतं किंवा पोटात इंधन नव्हतं. पहिल्या प्रकारात सायकलवरचा संयम आणि लांब सायकलिंग वाढवावं. दुसऱ्यात ब्रिक, म्हणजे सायकलवरून उतरल्या उतरल्या १५-२० मिनिटं धावणं, आठवड्यातून एकदा. त्यासाठी घड्याळात सायकल आणि धाव एवढेच भाग असलेला स्वतःचा मल्टिस्पोर्ट प्रकार बनवता येतो. तो जरूर बनवावा, म्हणजे ब्रिकची आणि शर्यतीची फाईल एकाच मापाने ताडता येते.

इंधनाचा संशय पुढच्या वेळी उरू नये म्हणून सायकलमध्ये दर २० मिनिटांनी वाजणारा अलर्ट लावावा. दोन तासांच्या आसपासच्या शर्यतीला ताशी ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं हे रूढ प्रमाण आहे. प्रत्येक अलर्टला १५ ग्रॅम घेतले की ताशी ४५ होतात. पोटाला सवय नसेल तर थेट ६० वर जाऊ नये.

ट्रान्झिशनच्या वेळा नवखे बघतही नाहीत. पहिल्याला पाच मिनिटं लागली असतील तर त्यातली दोन-तीन कसलाही दम न वाढवता वाचतात, नुसती मांडणी आणि वेटसूट काढण्याची तालीम करून.

घड्याळ आपणहून जे सांगतं त्यातलं बरंच बाजूला ठेवावं लागतं. धावण्याच्या वेळेचा अंदाज ताज्या पायांचा असतो. ४० किलोमीटर सायकलनंतरच्या १० किलोमीटरला तो लागू नाही, आणि अपुऱ्या सरावाचा माणूस त्यावर विसंबला तर पहिल्या तीन किलोमीटरमध्येच फसतो. एचआरव्ही स्टेटस, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांमधल्या अंतराच्या चढउतारावरून शरीर किती सावरलंय याचा अंदाज, उपयोगी आहे, पण आधाररेषा बसायला सुमारे तीन आठवडे रात्री घड्याळ घालून झोपावं लागतं. शर्यतीच्या आठवड्यात घेतलं तर ते काहीच सांगणार नाही.

मोठ्या २५५ ची बॅटरी नुसत्या जीपीएसवर ३० तास आणि मल्टिबँडवर (उपग्रहांचे एकाहून अधिक लहरींवरचे सिग्नल घेणाऱ्या जास्त अचूक मोडवर) १६ तास, असं कंपनी सांगते. स्प्रिंट, ऑलिंपिक आणि हाफ या ट्रायथलॉनच्या चढत्या अंतरांना मल्टिबँड बिनधास्त वापरावा, पूर्ण अंतराला नको. लहान मनगटासाठी २५५एस ३९ ग्रॅमचं आहे, मोठं ४९ ग्रॅमचं. पडदा टचचा नाही हे ओल्या हातांना वरदानच, आणि भर उन्हात तो उलट जास्त स्वच्छ दिसतो. २०२३ च्या २६५ मध्ये अॅमोलेड (जास्त उजळ, रंगीत) पडदा आणि ट्रेनिंग रेडीनेस, म्हणजे त्या दिवशी सरावाला शरीर किती तयार आहे याचा गुणांक, आलं, ९५५ मध्ये नकाशेही आहेत, पण वर सांगितलेल्या हिशेबाला यातलं काहीच लागत नाही. २५५ आणि ९५५ यांच्या किमतीतला फरक मेमरीवाल्या पट्ट्यावर घालावा.

पाण्यात उतरण्याआधी काठावर उभं राहून जीपीएस तयार झाल्याची खूण येईपर्यंत थांबावं. तसंच उतरलं तर पोहण्याची रेघ तलावाच्या मध्यातूनच सुरू होते, आणि सुरुवातीचे जे दोन-तीनशे मीटर तपासायचे असतात तेच हाती लागत नाहीत.