मलप्रभेचा डोह की किटवाडचा धबधबा? बेळगावहून एका दिवसात पोहायला कुठं जावं

पाऊस लागला की बेळगावातून चोर्ल्याच्या आणि आंबोलीच्या रस्त्याला गाड्यांची रांग सुरू होते. निघतात सगळे धबधबा बघायला, पण पोचल्यावर त्यातले बरेच जण पाण्यात उतरतात, आणि घात तिथंच होतो. आपल्या भागात धबधबा बघायचे दिवस वेगळे आणि नदीत पोहायचे दिवस वेगळे. जून ते सप्टेंबर काठावरून बघावं. पोहायचं ते दिवाळीनंतर, गढूळ पाणी निवळल्यावर, साधारण फेब्रुवारी सरेपर्यंत. मार्चनंतर बऱ्याच ठिकाणी धार तुटते, डबकी उरतात आणि खडकांवर शेवाळ धरतं. खालची तुलना याच हिवाळ्याच्या महिन्यांसाठी आहे.

जागा निवडताना मी खोली नंतर बघते, आधी बाहेर यायची वाट बघते. खोल पाण्यात चांगला पोहणारा तरून जातो, पण दमल्यावर हाताला निसरडा उभा खडकच लागत असेल तर पोहण्याचा काही उपयोग होत नाही. पायऱ्या, उतरता काठ, वाळूचा पट्टा, यांपैकी एक तरी असलं पाहिजे. दुसरं म्हणजे पाणी वरून कोण सोडतं हे ठाऊक असावं. धरणाखालची नदी ऊन पडलेलं असतानाही वाढते.

असोगा आणि हब्बनहट्टी

दोन्ही खानापूर तालुक्यात, दोन्ही मलप्रभेवर, दोन्हीकडं देऊळ. तरी पोहणाऱ्याच्या दृष्टीनं यांच्यात बराच फरक आहे.

मलप्रभा कणकुंबीला उगम पावते आणि जांबोटी, खानापूर करत पूर्वेला जाते. हब्बनहट्टी वरच्या अंगाला, जांबोटी भागात आहे. तिथला स्वयंभू मारुती नदीच्या पात्रातच बसलेला आहे, त्यामुळं दर पावसाळ्यात देऊळ पाण्याखाली गेल्याची बातमी येते आणि लोकांना पावसाचा अंदाज येतो. पाणी ओसरल्यावर इथली मलप्रभा फार देखणी असते: काळे खडक, मधून धारा, दोन्ही काठांना झाडी. पण पात्र खडकाळ. खडकांत पाण्यानं कोरलेले रांजणखळगे आहेत आणि त्यांची खोली वरून कळत नाही. एका पावलावर गुडघाभर पाणी, पुढच्या पावलावर पाय टेकत नाही. पाणी अंगावर घ्यायला, मुलांना काठच्या उथळ धारेत बसवायला हब्बनहट्टी उत्तम. हातपाय मारून लांब पोहायला नाही.

असोगा खालच्या बाजूला, खानापूरजवळ. रामलिंगेश्वराच्या देवळापाशी नदी जरा पसरते, वेग कमी होतो. इथंही खडक आहेत, पण सलग पोहता येईल असं पाणी मिळतं आणि काठावरून खाली उतरायला सोपं पडतं. बेळगावहून खानापूर पंचवीसेक किलोमीटर, तिथून असोगा अगदी जवळ. सकाळी नऊला निघालं तरी अकराला, ऊन पाण्यावर आल्यावर, उतरता येतं. डिसेंबरात त्याआधी उतरूही नये. खानापूरच्या थंडीत नदीचं पाणी इतकं गार असतं की अंगात एकदम हीव भरतं आणि श्वास लागतो. पोहण्यात मुरलेल्यांनाही पहिली दोन मिनिटं काठाशीच काढावी लागतात.

मुली आणि बायका बरोबर असतील तर मी असोगाच सांगेन. देवळामुळं येजा असते, कुटुंबं असतात, कपडे बदलायला आडोसा शोधताना जंगलात शिरावं लागत नाही. संक्रांतीला नदीकाठच्या देवळांत स्नानासाठी इतकी गर्दी होते की त्या दिवशी पोहण्याचा बेत मात्र करू नये. एरवीही देवळासमोरच्या भागात साबण, शाम्पू लावून अंघोळ करू नये आणि दारूची बाटली तर काठावर आणूच नये. गावानं उद्या बंदी घातली तर चूक आपली असेल.

मलप्रभेबद्दल एक गोष्ट स्थानिकांना विचारूनच उतरावं: वाळू कुठं उपसली आहे. उपशानं तळाला पडलेले खड्डे वरून अजिबात दिसत नाहीत आणि गेल्या हिवाळ्यातली उथळ जागा या हिवाळ्यात खोल असू शकते. म्हशी धुणारे, मासे धरणारे जिथं कमरेएवढ्या पाण्यात उभे दिसतात, तिथून सुरुवात करावी.

किटवाड आणि गोडचिनमलकी

हे दोन्ही धबधबे बेळगावकरांच्या तोंडी सारखेच असतात, म्हणून एकत्र घेते.

किटवाड सगळ्यात जवळचं. उचगाव मागं टाकून कर्नाटकाची हद्द ओलांडली की चंदगड तालुक्यात, शहरापासून वीसेक किलोमीटरवर. अर्धा दिवस पुरतो, म्हणून कॉलेजची पोरं तिथंच जातात. माझं मत स्पष्ट आहे: किटवाडला पोहायला जाऊ नका. नोव्हेंबर २०२२ मध्ये बेळगावहून सहलीला गेलेल्या चार मुली तिथं पाण्यात पडून बुडाल्या. तो महिना पुराचा नव्हता. धबधब्याच्या कडेचा खडक ओला, गुळगुळीत, आणि खालचं पाणी लगेच खोल. मी वर जी बाहेर यायची वाट म्हटली, तीच तिथं नाही. जवळ आहे म्हणून सोपं आहे असं वाटणं हाच किटवाडचा खरा धोका.

गोडचिनमलकी गोकाक तालुक्यात, मार्कंडेय नदीवर, बेळगावहून चाळीसेक किलोमीटर. नदी इथं दोन टप्प्यांत पडते, पहिली उडी सुमारे २५ मीटरची, दुसरी २० मीटरची. दोन्हींच्या मध्ये रुंद खडकाळ पात्र आहे आणि लोक तिथंच उतरतात. आडवे पसरलेले थर असलेला हा खडक बसायला, डबा सोडायला फार छान आहे. पण दोन उड्यांच्या मधलं पाणी म्हणजे पुढं कडा असलेलं पाणी. पाय सुटला तर ओढ दुसऱ्या धबधब्याकडं. शिवाय वरच्या बाजूला शिरूरचं धरण आहे, तिथून पाणी सोडलं की धबधबा एकदम भरतो. तेव्हा गोडचिनमलकीला जायचं तर वनभोजनाला जा, पाय बुडवून बसा आणि पोहण्याचा बेत दुसऱ्या दिवसावर ठेवा.

धबधब्याच्या पायथ्याशी चांगले पोहणारेसुद्धा का बुडतात हे समजून घेतलं तर मोह आवरतो. वरून पडणारं पाणी खाली जाऊन परत वर उसळतं आणि पुन्हा धारेकडंच वळतं. माणूस त्या फेऱ्यात सापडला की बाहेर ढकलला जात नाही, आतच फिरतो. वर पांढरा फेस दिसतो, त्या पाण्यात हवा मिसळलेली असते. असलं पाणी अंगाला तोलून धरत नाही, हात मारला तरी पकड मिळत नाही. यात ताकदीचा प्रश्नच येत नाही.

गोकाकचा धबधबा या तुलनेत घ्यायचंच कारण नाही. घटप्रभा तिथं ५२ मीटर खाली कोसळते. झुलत्या पुलावरून बघावा आणि परत फिरावं. जांबोटीच्या पुढचा म्हादईवरचा वज्रपोहा, चिखले, पारवाड हे धबधबे भीमगड अभयारण्याच्या जंगलपट्ट्यातले. तिथं वन खात्याची परवानगी लागते, पावसाळ्यात बंदी असते, मोबाइलला रेंज नसते आणि गवे, अस्वलं असतात. काही झालं तर उचलून रस्त्यापर्यंत आणण्यातच तास जातो.

धरणांचंही तसंच. राकसकोपचं पाणी आपणच नळाला पितो, त्यात उतरायचं नाही. हिडकलच्या जलाशयात काठापासून चार हातांवर जुन्या जमिनीचा उतार कुठं तुटतो ते कुणाला सांगता येत नाही.

पूर्ण दिवस हाताशी असेल तर: आंबोली की रामतीर्थ

दोन्ही महाराष्ट्रात, दोन्ही बेळगावहून सत्तरेक किलोमीटरच्या आसपास. आंबोलीचं नाव मोठं, पण पोहणाऱ्यासाठी आंबोलीत फारसं काही नाही. मुख्य धबधबा पावसाळ्यात अंगावर घ्यायचा, हिवाळ्यात त्याची धार सुतासारखी होते. वाटेतला नांगरतास तर अरुंद खोल घळीत पडतो, कठड्याबाहेर पाऊल टाकू नये.

आंबोलीला हिरण्यकेशीचा उगम आहे, गुहेतल्या देवळापुढं कुंड आहे आणि लोकांना त्यात उतरायची फार हौस. कृपा करून उतरू नका. या पाण्यात सापडलेल्या एका छोट्या माशाची नवी प्रजाती म्हणून २०२० मध्ये नोंद झाली, तिला नावही नदीचंच मिळालं, शिस्टुरा हिरण्यकेशी. पुढच्याच वर्षी महाराष्ट्र सरकारनं ही जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. एवढ्याशा पाण्यात जगणारा तो मासा. आपल्या पायांनी ढवळलेला गाळ आणि अंगावरचं तेल-साबण त्याला पुरेसं आहे.

तीच हिरण्यकेशी खाली आजऱ्याजवळ रामतीर्थाला आली की मोठी झालेली असते. रामाचं देऊळ, पसरट खडक, छोटी उडी आणि तिच्या खाली व वर संथ पट्टे. उडीच्या जवळचा भाग सोडून वरच्या संथ पाण्यात, काठाला समांतर पोहलं तर दिवस सार्थकी लागतो. असोगापेक्षा पाणी मोकळं, सावली जास्त. उणी बाजू अशी की अंतर तिप्पट आणि सिंचनाचं आवर्तन सुटलं की नदीची ओढ बदलते. आजऱ्यात चहाला थांबाल तेव्हा पाणी सुटलंय का एवढं विचारून पुढं जा. लहान मुलं असतील तर असोगा, पोहणाऱ्या मोठ्यांचा गट असेल तर रामतीर्थ, असा माझा कौल.

निपाणी-चिकोडीकडच्यांनी

तुम्हाला मलप्रभा लांब पडते, आणि घराजवळ वेदगंगा, दूधगंगा, कृष्णा आहेतच. इथं पोहणं म्हणजे बहुधा बंधाऱ्यावरचं पोहणं: जत्राट-भिवशी, अक्कोळ-सिदनाळ, कारदगा-भोज. पावसाळ्यात हे पूलवजा बंधारे पाण्याखाली जातात, तेव्हा विषयच नाही. हिवाळ्यात बरगे, म्हणजे बंधाऱ्याचे गाळे अडवायच्या फळ्या, घातले की वरच्या अंगाला पाणी तुंबून संथ दिसतं. बंधाऱ्याच्या भिंतीपासून मात्र लांब राहा, फटींतून पाणी ओढलं जातं आणि ती ओढ वरून दिसत नाही. खालच्या अंगाला तर मुळीच नको.

वेदगंगा आणि कृष्णा यांत निवडायचं तर कृष्णा सोडाच. कृष्णेत आणि दूधगंगेच्या खालच्या भागात मगरी आहेत. हिवाळ्यात त्या ऊन खायला काठावर येतात आणि नेमके आपणही तेव्हाच उतरतो. पाण्याला काळपट झाक किंवा मळीचा वास असेल तर कुठल्याच नदीत उतरू नये. अंगावर जखम असेल तर साठलेल्या पाण्यातही नको, लेप्टोस्पायरोसिससारखे ताप तिथूनच येतात.

कुठंही गेलात तरी

पाच लिटरचा रिकामा प्लास्टिकचा कॅन घट्ट झाकण लावून बरोबर घ्या आणि त्याला वीसेक हात लांब दोर बांधा. बुडणाऱ्याचं डोकं वर ठेवायला तेवढा कॅन पुरतो. वाचवायला उडी मारणारा दुसरा माणूसही अनेकदा बुडतो, म्हणून आधी कॅन फेकायचा, तो नसेल तर साडी, ओढणी, काठी. हद्दीच्या अलीकडं-पलीकडं दोन्हीकडं ११२ आणि १०८ चालतात, पण रेंज कुठं मिळते हे उतरण्याआधीच बघून ठेवा. बाहेर काढलेल्या माणसाला उलटं टांगून पाणी काढत बसू नका. श्वास नसेल तर लगेच तोंडानं श्वास द्या, छाती दाबा.

आणि विहीर

पोहायला शिकायचं असेल तर वरची एकही जागा नको. आपल्या भागात पिढ्यान् पिढ्या पोहणं शिकवलं ते विहिरीनं, पाठीला डबा नाहीतर वाळलेला भोपळा बांधून, कमरेचा दोर वर कुणाच्या तरी हातात देऊन. विहिरीला ओढ नाही, भोवरा नाही, अंतर दोन-चार हातांचं. पावसाळ्यात नदी बंद असते तेव्हा पायऱ्यांची, तुडुंब भरलेली विहीर हाच चांगला पर्याय. पोहरा सोडून पाणी काढायची, पायऱ्या नसलेली विहीर मात्र चालत नाही, भरलेली असली तरी.

मालकाला विचारल्याशिवाय उतरू नका. विहिरीचं पाणी पिण्यासाठी वापरत असतील तर तो नाही म्हणेल, ते मान्य करा. पहिल्यांदा येणाऱ्यानं वरून सूर मारू नये, मुटकाही नको. तळाला पडलेला दगड, जुनी पाइप, काहीही असू शकतं. पायऱ्यांनी उतरून आधी पायानं अंदाज घ्यावा. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे विहिरीतली मोटार. कातडं सुटलेली वायर पाण्यात लोंबत असेल तर पाण्यात करंट उतरतो आणि पोहणाऱ्याला हाक मारायलाही वेळ मिळत नाही. नुसतं बटण बंद करून भागत नाही, कारण लाइट आल्यावर कुणीतरी येऊन चालू करतो. पेटीतले फ्यूज काढायला सांगा आणि सगळे वर येईपर्यंत ते काठावर बसलेल्या माणसाच्या खिशात राहू द्या.