एनआयआरएफचं संकेतस्थळ: क्रमांक राहू द्या, पीडीएफ उघडा

बारावीचा निकाल लागला की आमच्या आळीतली मंडळी माझ्याकडे येतात. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, अनुदानित महाविद्यालयात मी 21 वर्षं रसायनशास्त्र शिकवते आहे. 2025 च्या जूनमध्ये शेजारच्या वहिनी आल्या. सोबत त्यांची धाकटी. मोबाइल पुढे करून म्हणाल्या, "मॅडम, पुणे विद्यापीठ देशात तिसरं आलंय म्हणे. मग दौंडकडचं त्यांचंच कॉलेज घेऊन टाकू ना हिला?"

बातमी खरी होती. एनआयआरएफ ही उच्च शिक्षण संस्थांची सरकारी क्रमवारी. तिच्या 2024 च्या यादीत राज्य सार्वजनिक विद्यापीठांचा वेगळा गट पहिल्यांदा केला होता आणि त्यात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ अण्णा आणि जादवपूर विद्यापीठांच्या मागे तिसरं होतं. पण विद्यापीठाचा क्रमांक काढताना त्याच्या स्वतःच्या आवारातले विभाग मोजतात, संलग्न महाविद्यालयं नाहीत. धाकटी जिथे बीएस्सी करणार, त्या वर्गाचा, तिथल्या प्रयोगशाळेचा, तिथून पास झालेल्या मुलांचा त्या तिसऱ्या क्रमांकात अंशही नव्हता. पुढे सप्टेंबरात 2025 ची यादी आली, तेव्हा तेच विद्यापीठ त्याच गटात अकरावं होतं. दौंडकडच्या कॉलेजात तेवढ्या तीन महिन्यांत काय बदललं असेल? काहीच नाही.

हे संकेतस्थळ मी दोन्ही बाजूंनी वापरलंय. पालकांसाठी उघडते, आणि कॉलेजात समन्वयक असताना त्यातली माहिती भरलीही आहे. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

केंद्राच्या शिक्षण खात्याची ही क्रमवारी 2015 मध्ये जाहीर झाली, पहिली यादी एप्रिल 2016 मध्ये आली. गुण पाच गोष्टींवर देतात: अध्यापन आणि साधनं, संशोधन, पदवीनंतरचे निकाल, समावेशकता आणि लोकमत. विद्यापीठांच्या गटात पहिल्या दोन्हींना 30-30 टक्के, पदवीच्या निकालांना 20. त्या 20 मध्ये काय येतं ते पालकांनी बघावंच. या भागाच्या 100 पैकी 60 गुण वेळेत परीक्षा पास होणाऱ्यांचे आणि 40 पीएचडी झालेल्यांचे. पदवीनंतर मुलाला काम मिळालं का, किती पगारावर, याला विद्यापीठांच्या गटात गुणच नाहीत. अभियांत्रिकीच्या गटात आहेत: नोकरी आणि उच्च शिक्षण मिळून 40, पगाराचे 25. मला हे फार खटकतं. आमच्या भागातली बहुतेक मुलं राज्य विद्यापीठाचीच पदवी घेतात, आणि घरचे पहिला प्रश्न तोच विचारतात.

आता चांगलं सांगते, कारण ते खरोखर चांगलं आहे. यादीत प्रत्येक संस्थेच्या नावापुढे तिने स्वतः भरून दिलेल्या माहितीची पीडीएफ असते. नाव यादीत नसेल, तर कॉलेजच्या संकेतस्थळावर 'एनआयआरएफ' असं पान शोधा. भाग घेणाऱ्यांनी ती माहिती तिथे ठेवायची असते. पीडीएफमध्ये खाली जात राहा, प्लेसमेंट आणि उच्च शिक्षणाचा तक्ता येईल. एका ओळीत एक तुकडी: पहिल्या वर्षाच्या जागा किती, प्रवेश किती, ठरलेल्या कालावधीत पदवीधर किती, नोकरी लागलेले किती, त्यांचा मध्यक पगार, आणि पुढे शिकायला गेलेले किती. अशा तीन तुकड्या एकाखाली एक.

त्या संध्याकाळी आमच्या जेवणाच्या टेबलावर मी धाकटीला एवढंच शिकवलं. प्रवेश आणि वेळेत पदवीधर, हे दोन आकडे आधी शेजारी लिहायचे. समजा 120 मुलं आत गेली आणि तीन वर्षांनी 70 बाहेर आली, तर मधली 50 कुठे आहेत? काही नापास, काही सोडून गेलेली, काही दुसऱ्या कॉलेजात. तक्ता ते सांगत नाही, पण विचारायचा प्रश्न हातात देतो. क्रमांकातून तो प्रश्न कधीच सुचला नसता.

पगाराच्या रकान्यापाशी थांबा. मध्यक म्हणजे सगळे पगार चढत्या क्रमाने लावून अगदी मधला. सरासरीपेक्षा हा बरा, कारण एखाद्याच मोठ्या पगाराने तो फुगत नाही. पण तो काढतात फक्त नोकरी लागलेल्यांमधून. 70 पैकी 6 जणांना नोकरी असेल, तर तो मधला पगार त्या 6 जणांचा. कॉलेजच्या जाहिरातीत हा आकडा ठळक छापतात, शेजारचा 6 छापत नाहीत. आणि वर्षं बघायला विसरू नका. 2024 च्या यादीतली सगळ्यात ताजी तुकडी 2022-23 ला बाहेर पडलेली आहे. तिचं पदवीचं पहिलं वर्ष कोविडात गेलं.

हे आकडे येतात कुठून, ते मी जवळून पाहिलंय. एका वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत मी स्टाफरूममध्ये बसून पास झालेल्या 58 मुलांना फोन लावले. निम्मे नंबर बदललेले. काही वडिलांनी उचलले. "पोरगा रानात गेलाय, संध्याकाळी करा." एक मुलगी सासरहून दबक्या आवाजात म्हणाली, "मॅडम, एमएस्सीचा फॉर्म अजून निघतो का?" एक जण पुण्यात सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत एमपीएससीचा अभ्यास करत होता, त्याचं ते दुसरं वर्ष. दोघं पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीसाठी पहाटे पळत होते. एकीने दोन गाई घेऊन डेअरीला दूध घालायला सुरुवात केली होती, आणि सेंद्रिय रसायनातलं फॅटचं गणित आता रोज कामी येतं म्हणाली. तिचा फोन ठेवल्यावर मी बराच वेळ पुढचा नंबर फिरवला नाही.

कुरकुंभ एमआयडीसीत एक जण ठेकेदारामार्फत लागला होता. रासायनिक कारखाना, तीन पाळ्या, अकरा महिने झालेले. नेमणुकीचं पत्र नाही, पगारपत्रक नाही. कोणी कागद मागितला तर दाखवायला पत्र हवं, म्हणून मी त्याला नोकरीत धरलं नाही. दिवाळीत भेटायला आला तेव्हा त्याने विचारलं, "मॅडम, आम्हाला कशात लिहिलंत?" मी खरं ते सांगितलं. तो म्हणाला, "पण मी रोज कामाला जातो की."

त्याचं म्हणणं बरोबर आहे. माहिती देणारी संस्था, आणि क्रमांक मिळणार तोही त्याच संस्थेला. मुलाला थेट कोणी विचारत नाही. एखादी संस्था सैल हाताने भरते, एखादी माझ्यासारखी कागदाला घाबरून कमी भरते, आणि दोन्ही आकडे एकाच तक्त्यात शेजारी बसतात. अमेरिकेत 2013 पासून 'कॉलेज स्कोअरकार्ड' हे कॉलेजांची माहिती देणारं सरकारी संकेतस्थळ आहे. तिथे मिळकतीचा आकडा कॉलेज देत नाही, तो सरकारच्या करविषयक नोंदींतून निघतो. त्यातही उणीव आहे, सरकारी शैक्षणिक मदत घेतलेलेच विद्यार्थी त्यात येतात. तरी प्राध्यापिकेला सुट्टीत फोन फिरवत बसावं लागत नाही. आपल्याकडे भविष्य निर्वाह निधीच्या नोंदी आहेत. नावं झाकून त्या पदवीच्या नोंदींशी जोडल्या, तर निदान संघटित क्षेत्रातला आकडा कोणाच्या मर्जीवर राहणार नाही. कुरकुंभचा मुलगा मात्र त्यातही सापडणार नाही. त्याच्यासाठी दरवर्षी विद्यापीठानेच नमुना काढून माजी विद्यार्थ्यांना विचारलं पाहिजे, आणि शेती, जोडधंदा, परीक्षेची तयारी, ठेक्यावरचं काम असे रकाने ठेवले पाहिजेत. परीक्षेच्या अर्जावर विद्यापीठाकडे प्रत्येकाचा नंबर असतो. निकालानंतर तो कोणी लावत नाही.

माझे गुण: पीडीएफना पाचपैकी चार. सरकारने हे आकडे उघड्यावर आणले, याचं मोल मी जाणते. पूर्वी पालकांना कॉलेजच्या कमानीवरच्या फलकाखेरीज काही दिसत नसे. विद्यापीठांच्या क्रमांकाला, प्रवेशासाठी वापरायचा असेल तर, एक.

धाकटीने वहीत तीन कॉलेजांचे चार-चार आकडे उतरवले. दौंडकडच्या कॉलेजात प्रवेश आणि पदवीधर यांच्यात अंतर बरंच होतं. तिने तिथेच बसून कार्यालयाचा नंबर लावला आणि विचारलं, "रसायनशास्त्राची उरलेली मुलं कुठे गेली, सांगाल का?" पलीकडच्या बाई क्षणभर थांबल्या, मग म्हणाल्या, सोमवारी या, विभागप्रमुखांना विचारून ठेवते. सोमवारी सकाळच्या एसटीने मायलेकी दोघी गेल्या, वही पिशवीत घालून.