तीन बाटल्या आणि पायाच्या मुंग्या

लक्षात आलं ते चपलेमुळे. डाव्या पायातली चप्पल निसटून मागे राहिली आणि मी चार पावलं तशीच पुढे गेले. पायाला पत्ताच नाही. त्याआधी महिनाभर तळव्यांना मुंग्या येत होत्या, पण मुंग्या काय, येतात नि जातात.

नैराश्यासाठी माझी एस्सिटालोप्रॅमची गोळी दीड वर्ष चालू होती. बरं वाटत होतं, आणि बरं वाटायला लागलं की जो प्रश्न छळतो तोच मलाही छळत होता: आता किती दिवस? नेमक्या त्याच सुमारास ओळखीतून एक पोषण सल्लागार भेटले. डॉक्टर नव्हते. आपण डॉक्टर आहोत असं ते कधी म्हणालेही नाहीत, मीही विचारलं नाही.

त्यांनी एक प्रश्नावली भरून घेतली. थकवा येतो का? झोप नीट लागते का? लक्ष लागत नाही, रडू येतं, कशात रस वाटत नाही? सगळ्याला हो. म्हणाले, "बघा, ही सगळी जीवनसत्त्वांच्या कमतरतेची लक्षणं." ती यादी म्हणजे नैराश्याचीच लक्षणं होती, हे मला फार उशिरा सुचलं.

गळ घालायचा तर त्याला खरं आमिष लावावं लागतं. बी-१२ फार कमी झालं तर मन उदास होतं, विसरायला होतं, क्वचित भ्रमही होतात. हे खरंच आहे. माझ्या मनोविकारतज्ज्ञ बाईंनी पहिल्याच महिन्यात माझं बी-१२ आणि ड जीवनसत्त्व तपासलं होतं. बी-१२ कमी निघालं, ते भरून काढलं, आणि गोळी चालूच ठेवली. हे मी सल्लागारांना सांगितलं तर हसले. "तो रक्ताचा आकडा झाला. पेशींची भूक रक्तात दिसत नाही." आता ज्याची तपासणीच होऊ शकत नाही, ते खोटं ठरवणार कसं?

मग लायनस पॉलिंगचा फोटो पुढे आला. दोनदा नोबेल मिळवणारा शास्त्रज्ञ, आणि त्याने १९६८ साली मानसिक आजारांसाठी जीवनसत्त्वांच्या मोठ्या मात्रेची बाजू मांडली, हे दोन्ही खरं. नोबेल मात्र रसायनशास्त्राचं आणि शांततेचं. या उपचारांचे दावे सिद्ध होत नाहीत, असं अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेच्या समितीने १९७३ मध्येच सांगून टाकलं होतं. ते सांगायला कुणी फोटो दाखवत नाही.

जीवनसत्त्वांच्या दोन बाटल्या त्यांनी दिल्या, पण 'गोळी बंद करा' असं कधीच लिहून दिलं नाही. मेसेजमध्ये दर वेळी 'आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्याने'. फोनवर वेगळंच: "शरीर भरलं की ती आपोआप नकोशी होते, तुम्हीच बघाल." मी आधी अर्धी केली, आठवड्यात सोडली. तिसऱ्या दिवसापासून मान वळवली की डोक्यात वीज चमकल्यासारखा झटका. चक्कर, घाम, भलतीसलती स्वप्नं. घाबरून कळवलं तर उत्तर आलं, "अभिनंदन! विषारी द्रव्यं बाहेर पडताहेत." आणि पाठोपाठ तिसरी बाटली. लघवी पिवळीधमक व्हायची, तीही शुद्धीची खूण ठरली. तो रंग बी-२ चा असतो, बाकी काही नाही.

दीड-दोन महिन्यांत आजार परतला. सकाळी उठून ब्रश हातात धरून नुसती उभी राहायचे. भावाने ओढून डॉक्टर बाईंकडे नेलं. त्या ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "घरातल्या सगळ्या बाटल्या घेऊन या."

टेबलावर तिन्ही मांडल्या आणि मागची बारीक अक्षरं वाचत त्या कागदावर आकडे लिहीत गेल्या. एकीवर पायरिडॉक्सिन १०० मिलीग्रॅम, दुसरीवर पी-५-पी ५०, तिसरी बी-कॉम्प्लेक्स, तीत २५. तीन नावं, वस्तू एकच: बी-६. बेरीज १७५. माणसाला दिवसाला लागतं साधारण १.३ मिलीग्रॅम. अमेरिकेत वरची मर्यादा १०० धरतात, युरोपात २०२३ मध्ये ती १२ वर आणली. पाण्यात विरघळणारं जीवनसत्त्व जास्त झालं तर लघवीतून निघून जातं, काही होत नाही, असं मलाही वाटायचं. बी-६ मोठ्या मात्रेत बरेच दिवस घेतलं तर हातापायांच्या संवेदना नेणाऱ्या नसांना इजा करतं. चप्पल निसटली ती म्हणूनच.

तिसऱ्या बाटलीत सेंट जॉन्स वॉर्ट ही वनस्पतीही होती. ते वाचताना बाई पहिल्यांदा थांबल्या. माझ्या गोळीसोबत ती घेतली तर शरीरातलं सेरोटोनिन नावाचं रसायन धोकादायक पातळीला जाऊ शकतं. गोळी सोडलेली असताना ती पोटात गेली, हा निव्वळ योगायोग. बाटलीवर मात्र 'संपूर्ण नैसर्गिक' असं हिरव्या अक्षरात.

सल्लागारांना पैसे परत मागितले. म्हणाले, तुमचा विश्वास कमी पडला. लेखी पुरावा काय, तर ते 'डॉक्टरांच्या सल्ल्याने' लिहिलेले मेसेज, म्हणजे त्यांच्याच बाजूचे. तुमच्याशी असं कुणी बोलत असेल तर फोनवर नको, लिहून मागा. आणि कुठलीही बाटली उघडण्याआधी तिची मागची बाजू तुमच्या डॉक्टरांना दाखवा, फोटो काढून का होईना.

गोळी पुन्हा सुरू झाली, पाचव्या आठवड्यात झोप लागायला लागली. मुंग्या कमी आहेत. डाव्या तळव्याखाली अजून वाळू पसरल्यासारखी वाटते, विशेषतः अनवाणी चालताना.